एक शेंग, चिमूटभर चुना आणि नाक

बोलिव्हियाच्या नैऋत्य कोपऱ्यात लीपेस नावाचं उंच, रुक्ष पठार आहे. तिथल्या सोरा नदीच्या खोऱ्यातल्या एका कपारीत पुरातत्त्वज्ञांना चामड्याचं एक गाठोडं सापडलं. वय सुमारे हजार वर्षं. आत लाकडाच्या दोन कोरीव तबकड्या, एक नळी, लामाच्या हाडाच्या दोन चपट्या पट्ट्या, विणलेली एक फीत आणि दोऱ्याने बांधलेल्या सुकलेल्या काड्या होत्या. शिवाय एक बटवा होता, तीन कोल्ह्यांच्या मुस्कटांची कातडी एकमेकांना जोडून शिवलेला. २०१९ साली त्या बटव्याच्या रासायनिक तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कोकेन, हार्मीन, डीएमटी, ब्युफोटेनिन, अशी मेंदूवर असर करण्याशी संबंध असलेली रसायनं. म्हणजे किमान तीन निरनिराळ्या वनस्पतींचे अंश, आणि त्यांतली एकही त्या पठारावर उगवत नाही.

कोकेन आलं कोकाच्या पानांतून. हार्मीन बहुधा अमेझॉनच्या जंगलातल्या एका वेलीतून. आणि ब्युफोटेनिन ज्या झाडाकडे बोट दाखवतं, ते या लेखाचा विषय आहे. शास्त्रीय नाव अ‍ॅनाडेनान्थेरा. नाव जरा जड आहे, पण या झाडाला लोकांनी दिलेली नावं सोपी आहेत. व्हेनेझुएलाकडे योपो, पेरूत विल्का, अर्जेंटिनात सेबील, ब्राझीलमध्ये अंजिको. कॅरिबियन बेटांवर त्याच्या बियांची पूड नाकात ओढण्याच्या विधीला कोहोबा म्हणत.

आधी झाड ओळखून घेऊ. तूर, हरभरा, भुईमूग, चिंच ज्या शेंगांच्या कुळात बसतात, त्याच कुळातलं हे. जवळपास वीस हजार जातींचा हा प्रचंड गोतावळा. त्यात लाजाळू, बाभूळ, शिरीष यांची जी शाखा आहे तिच्यात अ‍ॅनाडेनान्थेरा येतं. आपल्याकडे रस्त्याकडेला पसरलेले पर्जन्यवृक्ष, विलायती चिंच, बांधावरची सुबाभूळ हे त्याचे भाऊबंद, आणि तेही मूळचे अमेरिका खंडांतलेच. सुबाभळीची बारीक पानं आणि पांढुरका गोंडा डोळ्यांसमोर आणला की अर्धं काम झालं. झाड पंधरा-वीस मीटर वाढतं आणि खोडावर बऱ्याचदा जाड, टोकदार उंचवटे येतात. शेंग चपटी, तपकिरी, वीतभर किंवा त्याहूनही लांब. बी गोलसर, पातळ, काळपट आणि चकचकीत. सगळी भानगड आहे ती या बीमध्ये.

या वंशात जाती दोनच. उत्तरेकडची पेरेग्रिना आणि दक्षिणेकडची कोलुब्रिना. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली पहिलीला लाजाळूच्या वंशात घातलं होतं. पुढे ती बाभळीत गेली, मग पिप्टाडेनिया नावाच्या वंशात. १९२३ साली कार्लोस स्पेगात्सिनी या अर्जेंटिनी वनस्पतिशास्त्रज्ञाने तिच्यासाठी वेगळा वंश केला आणि १९६४ साली सिरी फॉन राइस या अमेरिकी अभ्यासक बाईंनी दोन जाती आणि प्रत्येकीचे दोन उपप्रकार अशी मांडणी करून हा घोळ संपवला. त्यामुळे जुन्या लेखनात हेच झाड तीन-चार नावांनी भेटतं. वाचताना हे ध्यानात नसेल तर माणूस चक्रावतो.

दुसरी लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे याची वस्ती. दक्षिण अमेरिका म्हटलं की आपल्याला घनदाट, ओलं अमेझॉन आठवतं. पण अ‍ॅनाडेनान्थेरा त्या ओल्या जंगलाचं झाड नाही. त्याला पावसाळा आणि लांबलचक कोरडा ऋतू असलेली पानगळीची रानं आणि गवताळ माळ मानवतात. आपल्या सह्याद्रीच्या पूर्व उतारावर असतात तशी. ही रानं ईशान्य ब्राझीलपासून पॅराग्वे, बोलिव्हिया, वायव्य अर्जेंटिना करत पेरूपर्यंत तुटक तुकड्यांत पसरली आहेत. १९९३ साली दारियेन प्रादो आणि पीटर गिब्ज या वनस्पतिशास्त्रज्ञांनी असं सुचवलं, की हिमयुगात हवा कोरडी असताना हे तुकडे एकसंध कमानीसारखे जोडलेले असावेत. पुराव्यादाखल त्यांनी पुढे केलेल्या झाडांत कोलुब्रिना अगदी आघाडीवर होती. या कल्पनेवर पुढे वाद झाले, पण झाडाचा नकाशा मात्र खरोखर कमानीसारखाच दिसतो.

आता बीकडे येऊ.

शेंगांच्या कुळाला नत्राची श्रीमंती लाभली आहे. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र पकडून देतात, म्हणून तर आपण डाळींत प्रथिनं शोधतो. नत्र हाताशी असलं की त्यापासून प्रथिनांखेरीजही पुष्कळ काही बनवता येतं, आणि या कुळातल्या झाडांनी ते बनवलं आहे, बहुतेक वेळा खाणाऱ्याला त्रास व्हावा म्हणून. विदर्भातली लाखोळी डाळ महिनोन्‌महिने तीच खाल्ली तर पाय लुळे पडू शकतात. खाजकुहिलीच्या बियांत एल-डोपा भरपूर असतं, जे पार्किन्सन रोगावर औषध म्हणून देतात. अ‍ॅनाडेनान्थेराची कारागिरी याच जातकुळीतली, फक्त निशाणा निराळा.

आपल्या मेंदूत सेरोटोनिन नावाचं एक निरोप्या रसायन असतं. झोप, मनःस्थिती, भूक, जगाचं भान, अशा अनेक गोष्टींत त्याचा हात असतो. ते तयार होतं ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून. झाडंही तेच ट्रिप्टोफॅन वापरतात. सेरोटोनिनच्या शेपटीला असलेल्या नत्राच्या अणूवर दोन छोटे मिथाइल गट बसवले की ब्युफोटेनिन तयार होतं. फरक फक्त तेवढा. त्यातून एक ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी काढून टाकली की उरतं डीएमटी. ही दोन्ही रेणू अ‍ॅनाडेनान्थेराच्या बियांत सापडली आहेत, मात्र पारडं बरंच ब्युफोटेनिनकडे झुकलेलं असतं. सेरोटोनिनसाठी राखलेल्या जागांवर हे पाहुणे जाऊन बसतात आणि डोळे मिटल्यावरही आकृत्या, रंग, आकार दिसू लागतात.

ब्युफोटेनिन हे नाव मुळात बेडकावरून आलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रेंच संशोधकांनी ते भेकाच्या कातडीतल्या स्रावातून काढलं होतं. म्हणून 'बेडूक चाटला की नशा होते' वगैरे गप्पा निघतात. त्या स्रावात हृदयाचे ठोके बंद पाडणारी विषंही असतात हे गप्पा मारणारे सांगत नाहीत.

अडचण अशी की बी खाऊन हा परिणाम सहजासहजी मिळत नाही. आपल्या आतड्यात आणि यकृतात मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम पहाऱ्याला असतं. अन्नातून येणारी असली रसायनं ते मोडून टाकतं. डीएमटी पोटात गेलं तर रक्तात पोचेपर्यंत त्याचा निकाल लागलेला असतो. ब्युफोटेनिनची कथाही फारशी वेगळी नाही. म्हणजे झाडाने रेणू बनवला, पण तो माणसापर्यंत पोचायची वाट बंद. ती वाट माणसांनी शोधली, आणि एक नव्हे, तीन-चार.

सगळ्यांत जुनी वाट धुराची असावी. वायव्य अर्जेंटिनात हुहुय प्रांताच्या उंच भागात इन्का क्वेव्हा नावाची गुहा आहे. तिथे प्यूमाच्या हाडापासून केलेल्या चिलमी मिळाल्या, सोबत या झाडाच्या बिया. काळ इसवीसनपूर्व २१०० च्या आसपास. म्हणजे आजपासून चार हजार वर्षांमागे या बियांचा गुण ठाऊक होता.

दुसरी वाट नाकाची, आणि तीच पुढे सर्वांत जास्त रुळली. बी भाजायचं, कुटायचं, पूड करायची आणि तिच्यात शंख-शिंपल्यांचा चुना किंवा राख मिसळायची. हा चुना कशासाठी, हे मराठी माणसाला फार समजावून सांगावं लागू नये. तळहातावर तंबाखू घेऊन तिला बोटभर चुना लावून मळणारा माणूस जे करतो, तेच हे. वनस्पतीत ही रसायनं आम्लाशी बांधलेल्या, पाण्यात विरघळणाऱ्या रूपात असतात. चुन्यासारखा अल्कधर्मी पदार्थ मिळाला की ती सुटी होतात, आणि सुटं रूप स्निग्ध पडद्यातून पटकन आत शिरतं, मग तो पडदा ओठाआतला असो की नाकातला. नाकातून रक्तात गेलेला माल यकृताच्या चौकीवर आधी जात नाही. थेट रक्तात, आणि काही मिनिटांत मेंदूत.

आम्ल, अल्क, एन्झाइम यांतला एकही शब्द ज्यांच्याकडे नव्हता अशा लोकांनी हा प्रश्न सोडवला. आणि चुना घालण्याची युक्ती कोका चघळणाऱ्यांकडे होती, तंबाखूवाल्यांकडे होती, आशियात विड्याच्या पानावर होती. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातला सर्वांत थक्क करणारा भाग हा आहे, भास नव्हेत.

युरोपीय माणसाने हे पहिल्यांदा लिहून ठेवलं ते कोलंबसच्या दुसऱ्या सफरीच्या निमित्ताने. रामोन पाने नावाचा एक साधा संन्यासी हिस्पानिओला बेटावर (आजचे हैती आणि डोमिनिकन रिपब्लिक) ताइनो लोकांत राहिला. कोलंबसने त्याला त्यांच्या देवाधर्माची माहिती गोळा करायला सांगितलं होतं. १४९८ च्या सुमारास त्याने ती लिहून दिली. युरोपीय भाषेत अमेरिकेत लिहिलं गेलेलं हे पहिलं पुस्तक मानतात. मूळ हस्तलिखित हरवलं. कोलंबसच्या मुलाने लिहिलेल्या चरित्रात ते समाविष्ट होतं, त्या चरित्राचा १५७१ साली छापलेला इटालियन अनुवाद राहिला, म्हणून आपल्याला ते वाचायला मिळतं.

पाने सांगतो की ताइनोंचा मुखिया किंवा वैदू नळीने ही पूड नाकात ओढतो आणि 'सेमी'शी बोलतो. सेमी म्हणजे देवतेचं, पूर्वजाचं किंवा एखाद्या शक्तीचं रूप, लाकडात, दगडात किंवा हाडात घडवलेलं. काही सेमींच्या डोक्यावरच सपाट ताट कोरलेलं असतं. पूड त्या ताटावर ठेवायची, म्हणजे देवाच्या डोक्यावरूनच ती ओढली जायची. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये साधारण इसवीसन १००० मधली अशी एक लाकडी मूर्ती आहे. गुडघे दुमडून, दात विचकून बसलेली, डोक्यावर ताट. या विधीआधी घशात पट्टी घालून ओकारी काढत आणि पोट रिकामं करत. त्या पट्ट्या मॅनटी या सागरी सस्तन प्राण्याच्या हाडाच्या, आणि त्यांवर इतकं नाजूक कोरीवकाम, की हे ओकण्याचं साधन आहे हे संग्रहालयात पाटी वाचल्याशिवाय कळू नये.

पुढच्या काही दशकांत साथी, गुलामी आणि उपासमार यांत ताइनो समाज जवळपास नाहीसा झाला. कोहोबाचा विधी करणारंच कोणी उरलं नाही, त्यामुळे ही पूड नेमकी कशाची होती हेही विसरलं गेलं. पुढचे विद्वान ती तंबाखूच समजत राहिले. १९१६ साली विल्यम सॅफर्ड या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने जुनी वर्णनं ताडून दाखवून दिलं की हे लोक तंबाखू नव्हे, पिप्टाडेनिया (तेव्हाचं नाव) या झाडाचं बी ओढत होते. चारशे वर्षांची गैरसमजूत!

मधल्या काळात झाड आणि पूड दोन्ही डोळ्यांनी पाहणारे लोक होतेच. १८०० साली आलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट हा जर्मन निसर्गअभ्यासक व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीवर ओटोमाक लोकांत होता. शेंगा भिजवून आंबवणं, त्यात कसाव्याचं पीठ आणि गोगलगायीच्या शंखांचा चुना मिसळणं, वड्या करून भाजणं, मग त्यांची पूड करणं, हे सारं त्याने टिपलं. आणि निष्कर्ष काढला तो भलताच. झिंग येते ती ताज्या चुन्यामुळे, शेंगांचं त्यात फारसं काही नाही, असं त्याचं मत पडलं. वाट नजरेस पडली, पण वाटसरू कोण ते ओळखलं नाही. त्या काळच्या रसायनशास्त्रात अल्कलॉइड (वनस्पतींतली नत्रयुक्त, शरीरावर असर करणारी रसायनं) ही कल्पनाच अजून जन्माला यायची होती, तेव्हा त्याला दोष कशाला द्यायचा.

१८५४ साली त्याच नदीवर माइपुरेस इथे रिचर्ड स्प्रूस हा इंग्रज वनस्पतिसंग्राहक पोचला. गुआहिबो जमातीच्या एका म्हाताऱ्याला त्याने बिया भाजून कुटताना पाहिलं आणि अवजारांचा सगळा संच, बियांसकट, विकत घेतला. लाकडी ताट, कुटायचा बत्ता, पूड ठेवायचं हाड, आणि दोन्ही नाकपुड्यांत बसेल अशी दुफाटी नळी. बिया इंग्लंडला गेल्या आणि पडून राहिल्या. १९७७ साली, म्हणजे सव्वाशे वर्षांनी, रिचर्ड शुल्टेस हा अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यांचं पृथक्करण केलं. ब्युफोटेनिन अजून शिल्लक होतं.

तोवर प्रयोगशाळांत बरंच काही घडून गेलं होतं, आणि त्यातलं काही वाचताना अंगावर काटा येतो. १९५४-५५ मध्ये बियांतून ब्युफोटेनिन आणि डीएमटी वेगळे झाले. मानसोपचारातल्या लोकांना एकदम उत्साह आला, कारण स्किझोफ्रेनिया हा शरीरातच तयार होणाऱ्या अशा एखाद्या रेणूमुळे होत असेल अशी कल्पना तेव्हा जोरात होती. १९५६ साली हॉवर्ड फेबिंग आणि रॉबर्ट हॉकिन्स यांनी ओहायोतल्या तुरुंगातल्या कैद्यांना ब्युफोटेनिन थेट शिरेतून टोचलं. कैद्यांना क्षणभर रंगीत ठिपके दिसले, मळमळलं, छातीवर दडपण आलं. चेहरे तर वांग्याच्या रंगाचे झाले, ही उपमा त्या शोधनिबंधातलीच. कागदावर ते 'स्वयंसेवक' होते. तुरुंगातला माणूस कितपत स्वयंसेवक असू शकतो हे ज्याचं त्याने ठरवावं.

या आणि नंतरच्या प्रयोगांवरून एक समज रुजला. ब्युफोटेनिन रक्तदाब चढवतं, जीव घाबरा करतं, पण मेंदूत फारसं शिरतच नाही. कारणही पटण्याजोगं होतं. त्या रेणूवरची ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी त्याला पाण्याचा सोयरा बनवते, आणि रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा स्निग्ध असतो. काही अळंब्यांत सापडणाऱ्या सायलोसिनवरही हीच जोडी आहे. पण तिथे ती एक घर अलीकडे, शेपटीच्या जवळ बसलेली असते, शेपटीतल्या नत्राशी हात मिळवते आणि झाकली जाते. ब्युफोटेनिनमध्ये ते जमत नाही. मग निष्कर्ष असा, की बियांत ब्युफोटेनिन खूप असलं तरी खरं काम थोड्याशा डीएमटीचं असावं. काहींनी तर या पुडीने भास होतात यावरच शंका घेतली.

इथे मला जरा राग येतो. चार हजार वर्षं माणसं एक गोष्ट करतात, डोंगर ओलांडून बी आणतात, देवाच्या डोक्यावर ठेवून ते ओढतात, आणि मूठभर कैद्यांना सुई टोचून आपण ठरवतो की यात काही नाही! २००१ साली जॉनथन ऑट या स्वतंत्र अभ्यासकाने स्वतःवर प्रयोग करून लिहिलं की शुद्ध ब्युफोटेनिन नाकातून घेतल्यास स्पष्ट परिणाम होतो. एका माणसाने स्वतःवर केलेला प्रयोग हा काही शेवटचा शब्द नव्हे. पण अर्जेंटिनातल्या ज्या बियांत डीएमटी जवळपास नसतंच त्या बियाही विची लोक आजवर वापरत आले, याची संगती त्याने लागते.

बी जिथे उगवतं तिथे वापरलं गेलं यात नवल नाही. नवल चिलीच्या आटाकामा वाळवंटाचं. जगातल्या सर्वांत कोरड्या प्रदेशांपैकी हा एक, आणि तिथल्या सान पेद्रो या मरूद्यानाच्या आसपासच्या थडग्यांतून पूड ओढण्याच्या शेकडो कोरीव तबकड्या निघाल्या. त्यांतल्या पुष्कळ गुस्ताव्हो ले पेज या बेल्जियन पाद्र्याने गोळा केल्या. तबकडी हाताच्या पंजाएवढी, मध्ये पुडीसाठी चौकोनी खळगा, कडेला मूठ, आणि मुठीवर माणूस, लामा, गरुड किंवा छाटलेलं मुंडकं धरलेली आकृती. सोल्कोर या दफनभूमीतल्या पिशव्यांत पूडही शिल्लक होती. कोरड्या हवेने ती बाराशे वर्षं टिकवली. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत तिच्यात ब्युफोटेनिन आणि डीएमटी दोन्ही निघाले. आणि झाड? ते आँदिजच्या पलीकडच्या उतारावर, शेकडो किलोमीटर दूर. मध्ये चार-साडेचार हजार मीटरच्या खिंडी. लामांच्या तांड्यांवरून मीठ, लोकर, तांबं यांच्यासोबत हे बी यायचं.

मग असा माल कोणाच्या हाती असायचा? पुरातत्त्वातला सध्याचा रंगतदार वाद याच प्रश्नावर आहे.

पेरूमधलं चाविन दे वांतार हे इसवीसनपूर्व १२०० ते ५०० च्या दरम्यानचं दगडी देवस्थान. जमिनीखाली अरुंद, अंधारे बोळ. बाहेरच्या भिंतीत बसवलेली दगडी मुंडकी, आणि त्यांतल्या काहींच्या नाकातून शेंबडाच्या लांब धारा ओघळताना कोरलेल्या. नाकात झोंबणारी पूड ओढल्यावर जे होतं तेच शिल्पकाराने कसलाही संकोच न करता दगडात उतरवलं, असा अर्थ अभ्यासक फार पूर्वीपासून लावत आले. हातात रासायनिक पुरावा मात्र नव्हता. तो २०२५ मध्ये आला. बंद झालेल्या एका दालनातून निघालेल्या हाडाच्या नळ्यांवर तंबाखूच्या वंशातल्या वनस्पतीचे आणि विल्काचे अंश मिळाले. दालन इतकं लहान की आत मोजकीच माणसं मावावीत. संशोधक म्हणतात, हा अनुभव निवडक लोकांपुरता राखलेला होता, आणि निवडक असण्यातूनच त्यांची सत्ता उभी राहिली.

याच्या उलट चित्र वारी साम्राज्याचं, इसवीसन ६०० ते १००० मधलं. दक्षिण पेरूतल्या किल्कापाम्पा या वारी वसाहतीत मोये नावाच्या झाडाच्या फळांची दारू मोठ्या प्रमाणावर गाळली जात होती, आणि तिथेच विल्काच्या बिया सापडल्या. झाड त्या भागात होत नाही, म्हणजे बिया बाहेरून आणलेल्या. पुरातत्त्वज्ञ मॅथ्यू बायवर आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये मांडलं की वारी लोक विल्का दारूत घालत असावेत. पोटातून गेल्यामुळे असर सौम्य, पण बराच वेळ टिकणारा. पंगतीला बसलेल्या सगळ्यांना वाटता येणारा. यजमानाने असं काही पाजलं की पाहुणा त्याचा मिंधा होतो, आणि राज्य असंही बांधता येतं. पटण्यासारखी मांडणी आहे. फक्त सापडलेल्या बिया सोळा, तेव्हा सोळा बियांवर साम्राज्याची नीती किती तोलायची याचं भान ठेवलेलं बरं. दारूत विल्का घालण्याची रीत मात्र निव्वळ कल्पना नव्हे. सोळाव्या शतकात पोलो दे ओंदेगार्दो या स्पॅनिश अधिकाऱ्याने इंकांच्या राज्यातले भविष्य सांगणारे लोक चिचा या मद्यात विल्का मिसळतात असं नोंदवलं आहे.

आजही व्हेनेझुएला-कोलंबियाच्या सीमेवरचे पियारोआ आणि गुआहिबो, अर्जेंटिनाच्या चाको भागातले विची, या समाजांत ही परंपरा शिल्लक आहे. पियारोआ वैदू पुडीबरोबर हार्मीनवाली वेलही वापरतात. हार्मीन त्या पहारेकरी एन्झाइमलाच झोपवतं. कोल्ह्याच्या मुस्कटांच्या बटव्यात हार्मीन, डीएमटी आणि ब्युफोटेनिन एकत्र सापडले, त्याला म्हणूनच महत्त्व. अमेझॉनच्या जंगलातले यानोमामी लोक एकमेकांच्या नाकात लांब नळीने पूड फुंकतात ती दृश्यं माहितीपटांत अनेकांनी पाहिली असतील. ती पूड बऱ्याचदा या झाडाची नसून जायफळाच्या कुळातल्या विरोला वृक्षाच्या सालीतल्या रसाची असते.

या सगळ्या समाजांत ती घेणं हे कोणाचंही, केव्हाही चालणारं काम नाही. वर्षानुवर्षं शिकलेला माणूस, ठरलेलं पथ्य, ठरलेलं कारण: आजार, शिकार, भांडण, मृत्यू. नेटवर मात्र याच बिया 'फक्त संग्रहासाठी' असा शेरा मारून विकल्या जातात. भारतात डीएमटी हे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, म्हणजे एनडीपीएसच्या यादीत आहे. अमेरिकेत ब्युफोटेनिनही बंदी असलेल्या पहिल्या यादीत येतं. कायदा बाजूला ठेवला तरी रक्तदाब एकदम चढणं, जोराच्या ओकाऱ्या, श्वास अडकणं हे धोके आहेत. नैराश्यावरच्या काही गोळ्या चालू असताना तर जिवाशी खेळ.

बियांनी इतकी जागा खाल्ली, पण ब्राझीलच्या ईशान्येकडच्या काटिंगा या कोरड्या रानात कोणाला अंजिकोबद्दल विचारलं तर बियांचं नावही बहुधा निघणार नाही. तिथे हे झाड सालीसाठी ओळखलं जातं. साल टॅनिनने गच्च, म्हणून चामडं कमावायला वापरतात, आणि खोकल्यावर काढाही करतात. लाकूड जड आणि टणक, कुंपणाचे खांब आणि कोळसा दोन्हींसाठी चांगलं. खोडातून पाझरणारा डिंक निघतो, फुलोऱ्यावर मधमाश्या येतात. साल खोडाच्या भोवताली सबंध सोलली की झाड वाळतं, आणि चामड्याच्या धंद्याने कित्येक ठिकाणी मोठी झाडं अशीच संपवली. वादळात फांदी मोडून पडली की गुराख्याला आणखी एक काळजी असते. अंजिकोची सुकत चाललेली पानं गुरांनी खाल्ली तर पोटात सायनाइड सुटतं आणि जनावर तासाभरात आडवं होऊ शकतं. कोवळी ज्वारी खाऊन आपल्याकडे जनावरांना किराळ लागते, त्यामागचं विषही हेच.